खेळाचें इंजिन आणि घरची कोठी

एकत्र कुटुंबांत संगणक बहुधा एकच असतो आणि त्याचे वांटेकरी अनेक. त्यांत एखाद्या मुलास वा मुलीस संगणकावर खेळ रचण्याचा नाद लागला, म्हणजे थोड्याच दिवसांत ‘जागा उरली नाहीं’ अशी तक्रार सुरू होते आणि कोणी वडील मंडळी साफसफाईस बसतात. खरा धोका तो हाच. कारण काय टाकावें व काय राखावें, हें फोल्डराच्या आकारावरून मुळींच समजत नाहीं.

इ. स. २००५ मध्यें डेन्मार्कांत निघालेलें ‘युनिटी’ हें इंजिन उदाहरणादाखल घेऊं. त्याची एकेक आवृत्ती कित्येक गिगाबाइट जागा व्यापते, आणि ‘युनिटी हब’च्या साह्यानें अनेक आवृत्त्या शेजारीं शेजारीं नांदतात. जुनी आवृत्ती काढल्यास ती पुन्हां उतरवून घेतां येते. मात्र कोणता खेळ कोणत्या आवृत्तींत रचला, हें आधीं पाहावें; ‘प्रोजेक्टसेटिंग्ज’ फोल्डरांतील ‘प्रोजेक्टव्हर्जन’ या चिमुकल्या फाइलींत तो आंकडा असतो. नव्या आवृत्तींत उघडलेला खेळ जुनींत सुखरूप परत येईलच असें नाहीं. म्हणून आधीं प्रत काढावी.

खेळाच्या फोल्डरांत ‘लायब्ररी’ हा भाग पुष्कळदां सर्वांत अवजड असतो. गृहिणींस सांगावयाचें तर हें दळलेलें पीठ! इंजिन बंद करून तें खुशाल काढावें. पुढच्या खेपेस इंजिन तें पुन्हां दळतें, वेळ मात्र लागतो. धान्य आहे तें ‘ॲसेट्स’, ‘पॅकेजेस’ आणि ‘प्रोजेक्टसेटिंग्ज’ या तीन फोल्डरांत. तें गेलें कीं मुलाचे कित्येक महिन्यांचे श्रम गेले.

‘ॲसेट्स’मध्यें प्रत्येक चित्राशेजारीं ‘मेटा’ शेपटाची एक फाइल दिसते. दिसावयास ती केरासारखी, पण इंजिन चित्रास ओळखतें तें तींतील ओळखक्रमांकानें. ती हरवली तर चित्र जागेवर असूनही खेळांतील पात्राचे रंग नाहींसे होतात. म्हणून चित्रांची हलवाहलव इंजिनाच्या खिडकींतूनच करावी.

हबच्या यादींतून खेळाचें नांव काढल्यानें जागा मोकळी होते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं, फाइली होत्या तेथेंच राहतात. उलट त्या तीन फोल्डरांचीच प्रत घेतली, तर लहानसा खेळ एखाद्या पेनड्राइव्हवरही सहज मावतो.