मशेरी म्हणजे दंतमंजन नव्हे

दातांच्या तपासणी शिबिरात माझ्यासमोर एक छापील कागद असतो. नाव, वय, मधुमेह, रक्तदाब आणि मग 'तंबाखूचं व्यसन: आहे / नाही'. गेल्या हिवाळ्यात एका वाडीतल्या शाळेच्या पडवीत बसून मी तो कागद भरत होते. पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी समोर आल्या. "मावशी, तंबाखू खाता का?" त्यांनी कानाला हात लावला. "छ्या! तंबाखू न्हाई, गुटखा न्हाई. आमच्या घरात कुणाला तसलं याड न्हाई." मी 'नाही'वर खूण केली आणि बॅटरी लावून तोंड बघितलं. दात काळे पडलेले, मुळाशी झिजून खाचा पडलेल्या. खालचा ओठ हलकेच बाहेर ओढला, तर ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत एक पांढुरका, सुरकुतलेला चट्टा होता. फार वेळ धुणं धुतल्यावर बोटांची कातडी होते, तसा.

"मावशी, मशेरी लावता?"

"ती व्हय! ती तर समदीच लावत्यात. दात घासाय नगोत?"

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून दाढेत धरायची ती. मशेरी हे दात घासायचं साधन. हा समज मी वाडीत ऐकते, बाजाराच्या दिवशी दवाखान्यात ऐकते, आणि पदवी घेतलेल्या, शहरात नोकरी करणाऱ्या लेकीसुनांकडूनही ऐकते: "आईंना व्यसन काहीच नाही हो, फक्त मशेरी." या 'फक्त'चा मला आता संताप येतो. कारण त्या एका शब्दाआड बायकांच्या तोंडातला आजार वर्षानुवर्षं लपून राहतो.

मशेरी बनते कशी, ते ज्यांच्या घरात बनते त्या सगळ्यांनी पाहिलंय. काळ्या तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर टाकायची, पार काळी होईपर्यंत भाजायची, गार झाली की हातानं चुरून पूड करायची आणि डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका उठतो, पोरं खोकत अंगणात पळतात. तंबाखूशिवाय त्या तव्यावर दुसरं काहीही पडलेलं नसतं. मग ती डबीत गेल्यावर दंतमंजन कशी होईल? शेंगदाणे भाजले म्हणून त्यांचे फुटाणे होत नाहीत. भाजल्यानं तंबाखूतलं निकोटीन नाहीसं होत नाही आणि तिच्यातली कर्करोगकारक नायट्रोसामाइन्सही जात नाहीत. उलट पान करपताना धुरात असतात तशी आणखी काही घातक द्रव्यं तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखूला पहिल्या गटात टाकलं आहे. माणसाला कर्करोग होतो हे ज्यांच्याबाबत सिद्ध झालेलं आहे, अशाच गोष्टी त्या गटात असतात.

शिवाय मशेरी लावण्याची रीत बघा. टूथपेस्टनं दात घासायला दोन मिनिटं लागतात, मग चूळ भरून माणूस मोकळा होतो. मशेरी बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवली जाते आणि मग ती तशीच तोंडात राहते. अंगण झाडताना, चूल पेटवताना, पाणी भरताना. अर्धा अर्धा तास. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, शेतातून आल्यावर एकदा. दात घासायलाच हवी असती, तर दुपारी बांधावर बसून डबी उघडावीशी का वाटली असती? तोंडाच्या आतली कातडी पातळ असते, तिच्यातून निकोटीन थेट रक्तात उतरतं. ते उतरलं की बरं वाटतं, ओसरलं की डोकं धरतं, चिडचिड होते, हात आपोआप डबीकडे जातो. याला व्यसनच म्हणतात.

"पण मशेरीनं दात घट्ट होतात." नाही होत. उलट तंबाखू जिथे रोज टेकते तिथली हिरडी मागे सरते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर वरच्यासारखं टणक कवच नसल्यानं भरड पुडीनं ते झिजत जातं. मावशींच्या दातांना पडलेल्या खाचा त्याच होत्या. अशा दातांना गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते.

"पण दाढेचा ठणका थांबतो." थोडा वेळ थांबल्यासारखा वाटतो, कारण निकोटीनची तल्लफ भागलेली असते. कीड मात्र आत पोखरतच राहते. आणि कधी ठणका कायमचा थांबला, तर ती मशेरीची करामत नसते. पुष्कळदा दाताची नस मेलेली असते. मग काही महिन्यांनी गाल सुजून बाई परत येते, आणि ज्या दाढेला वेळीच सिमेंट भरून भागलं असतं, ती काढावी लागते.

"पण मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." हे मात्र खरं आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे, नाहीतर बायका आपलं पुढचं ऐकतच नाहीत. निकोटीन आतड्यांना चालना देतं. वर्षानुवर्षं सवय लागलेल्या आतड्याला सकाळी त्याची वाट बघायची खोड लागते. मशेरी सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता होऊ शकते. भरपूर पाणी, पालेभाजी, फळं यांनी ती हळूहळू जाते. हे आधी सांगितलं तर बाई टिकते. न सांगितलं तर चौथ्या दिवशी पुन्हा डबी उघडते आणि "मला सोसलं नाही" म्हणते.

"पण आमची आजी ऐंशी वर्षांची होईपर्यंत मशेरी लावायची, एक दात पडला नव्हता." हा युक्तिवाद प्रत्येक शिबिरात येतो. आजीच्या दातांचं श्रेय मशेरीला देण्याआधी आजीचं ताट आठवा. ज्वारीबाजरीची भाकरी, कोरड्यास, सणावारी गूळ. दिवसभर गोड चहा नाही, बिस्किटं नाहीत. कीड लागते ती मुख्यतः साखरेमुळे, आणि आजीच्या तोंडाला साखर क्वचितच लागत होती. शिवाय ऐंशीव्या वर्षी जी आजी दिसते ती तगलेली आजी. जी पन्नाशीत तोंडाच्या आजारानं गेली, तिचा दाखला द्यायला कोणी येत नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण "इतकं वाईट असतं तर सरकारनं बंदी घातली नसती का?" हाही प्रश्न येतो. घातली आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला केंद्र सरकारनं 1992 मध्येच मनाई केली. उत्पादक न्यायालयात गेले. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई योग्य ठरवली. म्हणजे तंबाखू हे दात घासायचं साधन म्हणून विकता येत नाही, हा देशाचा कायदा आहे. पण घरच्या तव्यावर कोण काय भाजतं, तिथे कायदा पोचत नाही. पुडीवर 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारं धोक्याचं चित्र असतं. सुनेनं भाजून डबीत भरलेल्या मशेरीवर कसलंच चित्र नसतं. तिथे समजूतच पोचवावी लागते.

ही गोष्ट चार म्हाताऱ्यांपुरती नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 17 टक्के तंबाखूचा कोणता ना कोणता प्रकार वापरताना आढळल्या. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यात ओढणाऱ्या अगदी थोड्या; बहुतेक जणी तंबाखू तोंडात ठेवणाऱ्या. त्या सर्वेक्षणाच्या प्रश्नांत मशेरीचं नाव वेगळं घेतलेलं आहे. नुसतं 'तंबाखू' म्हटलं की बायका 'नाही' म्हणतात, हे मला त्या पडवीत कळलं.

गरोदर बाईनं तर डबीला हातही लावू नये. मुंबईत 1,217 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास 2004 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक चलन मशेरीचंच होतं. अशा स्त्रियांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं. ज्या घरात बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर जन्मतं, तिथे शंभर ग्रॅमची किंमत काय असते, ते कोणत्याही सुईणीला विचारा.

मशेरीखालोखाल जे समज रोज कानावर येतात, ते थोडक्यात निकालात काढते.

"दुधाचेच दात, पडायचेच आहेत." दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी नवी दाढ येते ती कोणताही दात न पडता येते; आईबाप तिला दुधाची समजतात आणि ती पक्की दाढ किडू देतात.

"दातात किडा असतो." नसतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, त्या आम्लानं दात विरघळतो. यात्रेजत्रेत नळी लावून किडा काढून दाखवणारा तो किडा स्वतःच घेऊन आलेला असतो.

"वरची दाढ काढली की नजर जाते." दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, नजरेची वेगळी. उगाच दुखणं अंगावर काढू नका.

"दात साफ करून घेतले की हलायला लागतात." दात हलतो तो कीटणानं हिरडी आणि हाड खाल्ल्यामुळे. कीटण निघाल्यावर मोकळं वाटतं, कारण फटीत बसलेला तो दगड गेलेला असतो.

"गरोदरपणात दाताला हात लावू नये." लावावा. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. दुखतंय तर त्याआधीही डॉक्टरांना दाखवावं.

"राखुंडी, कोळसा, मीठ चोळलं की दात पांढरे होतात." वरचं कवच घासलं जातं आणि आतला पिवळा थर दिसू लागतो. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, रात्री झोपण्यापूर्वी नक्की. एवढं पुरतं.

"दुखत नाही म्हणजे सगळं ठीक." हा शेवटचा समज मला पुन्हा मशेरीकडे आणतो. हिरड्यांचा आजार पुष्कळदा न दुखता वाढतो. तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही. मावशींचा तो चट्टा किती वर्षांपासून होता, त्यांना ठाऊकच नव्हतं.

म्हणून ही तपासणी घरी करा. दिवसाउजेडी आरशासमोर उभं राहा. ओठ उलटून बघा, गाल बोटानं बाजूला ओढून बघा, जीभ वर करून तिच्याखाली बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, गाठ, मसाल्याची असह्य आग किंवा तीन बोटं उभी आत जाणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी, अशी योजनाच आहे. गावच्या आशाताईला विचारा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल, तर 1800-11-2356 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

मावशींना आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. तुकडा तपासला, कर्करोग निघाला नाही. मशेरी बंद करायला त्या तयार झाल्या, त्या माझ्या सांगण्यानं नव्हे. सात-आठ वर्षांची नात शेजारी उभी होती. मी आरशात चट्टा दाखवत असताना ती पटकन म्हणाली, "आजी, मला पण बोटावर देती की तू." मावशी काहीच बोलल्या नाहीत. बराच वेळ त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दोन महिन्यांनी परत आल्या तेव्हा चट्टा बराच पातळ झाला होता. तंबाखूचा असा चट्टा, वेळेत सोडली तर, पुष्कळदा स्वतःहून ओसरतो. आपल्या शरीराची ही केवढी मोठी सवलत आहे, आणि ती वेळेत घ्यावी लागते.

शिबिराच्या कागदावर आता मी एक ओळ हातानं वाढवली आहे. 'तंबाखू'च्या खाली 'मशेरी'. पहिल्या रकान्यात 'नाही' म्हणणाऱ्या किती तरी जणी दुसऱ्या रकान्यात सहज 'हो' म्हणतात. आज संध्याकाळी आपल्या आईला, सासूला, कामाला येणाऱ्या ताईला विचारायचं असेल, तर याच शब्दात विचारा. आणि 'हो' म्हणाल्या, तर रागावू नका. उजेडात बसवा, आणि आधी त्यांचं तोंड बघा.