मॅक्रोतील बदलती सेलव्याप्ती

स्प्रेडशीटमधील उभे स्तंभ व आडव्या ओळी यांच्या छेदाने तयार होणाऱ्या घरास सेल, तर लगतच्या सेलांच्या आयताकृती समूहास सेलव्याप्ती किंवा रेंज म्हणतात. तेच काम पुन:पुन्हा करवून घेण्यासाठी साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकेस मॅक्रो ही संज्ञा आहे. लोटस १-२-३ (१९८३) या कार्यक्रमात मॅक्रोंची सोय होती. एक्सेलमध्ये १९९३ पासून त्यांसाठी व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स ही भाषा उपलब्ध झाली. पुढील विवेचन एक्सेलला अनुसरून आहे.

सूत्रातील व मॅक्रोतील पत्ता यांत मूलभूत फरक आहे. ‘बी२ ते बी१००’ या व्याप्तीच्या मध्ये एक ओळ घातल्यास कोष्टकातील सूत्र आपोआप ‘बी२ ते बी१०१’ असे बदलते. मॅक्रोत मात्र हा पत्ता केवळ मजकूर म्हणून असतो व तो तसाच राहतो. परिणामी शेवटची नोंद गणनेतून वगळली जाते आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. म्हणून व्याप्तीची सीमा आधीच लिहून न ठेवता मॅक्रो चालतेवेळी शोधणे इष्ट ठरते.

त्यासाठी अनेक पद्धती आहेत. पहिल्या सेलपासून खाली शोध घेतल्यास तो मधल्या रिकाम्या सेलपाशी थांबतो. म्हणून सामान्यत: पत्रकाच्या तळापासून वर येऊन शेवटची भरलेली ओळ शोधतात. तळाच्या ओळीचा क्रमांकही पत्रकाकडूनच मिळवावा लागतो. कारण ओळींची मर्यादा पूर्वी ६५,५३६ होती, ती २००७ च्या आवृत्तीपासून १०,४८,५७६ झाली. सभोवतालचा भरलेला प्रदेश एकत्र घेण्याची पद्धत पूर्ण रिकाम्या ओळीपाशी किंवा स्तंभापाशी थांबते. पत्रकाचा ‘वापरलेला भाग’ विचारल्यास केवळ रंग वा चौकट दिलेले रिकामे सेलही त्यात येऊ शकतात. व्याप्तीस नाव दिल्यास मध्ये घातलेल्या ओळी तिच्यात सामावतात. परंतु शेवटच्या ओळीखाली लिहिलेली नवी नोंद सामान्यत: बाहेर राहते. ‘टेबल’ म्हणून घोषित केलेली सारणी मात्र अशा नोंदीबरोबर सहसा स्वत: वाढते.

शीर्षकाखाली एकही नोंद नसण्याची शक्यताही तपासावी लागते. त्या वेळी शेवटची भरलेली ओळ पहिली ठरते. ‘बी२ ते बी१’ ही व्याप्ती ‘बी१ ते बी२’ अशी घेतली जाते आणि नोंदी पुसणारा मॅक्रो शीर्षकच पुसून टाकतो.

व्याप्तीची सीमा चुकल्याने होणारे परिणाम गंभीर असू शकतात. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या सार्वजनिक कर्ज व आर्थिक वाढ यांविषयीच्या २०१० मधील निबंधाच्या कोष्टकात सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ या ओळींपुरतेच होते. त्यामुळे पाच देश वगळले गेले. येथे दोष मॅक्रोचा नव्हे, सूत्राचा होता. पण अपुऱ्या सीमेचा धोका दोन्हींत सारखाच असतो. हर्नडन, ॲश व पोलिन यांनी २०१३ मध्ये ही चूक इतर आक्षेपांसह दाखवून दिली व मूळ लेखकांनी ती मान्य केली. तोवर त्या निबंधाचा हवाला काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ दिला गेला होता.

यांपैकी कोणतीही पद्धत सर्वत्र निर्दोष नाही. प्रत्येकीमागे माहितीच्या मांडणीविषयी एक गृहीतक असते. ते ओळखून पद्धत निवडणे आणि मॅक्रोने हाताळलेल्या ओळींची संख्या मूळ नोंदींशी ताडून पाहणे आवश्यक असते.