धुऱ्याची रेषा पडद्यावर

उपग्रह जमिनीचे चित्र पाठवतो ते चौकोनी ठिपक्यांत. मार्च १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या सर्वांत बारकाईने टिपणाऱ्या कॅमेऱ्याचाही एक ठिपका जमिनीवर सुमारे ३६ मीटरचा होता. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात उभे राहिले तेही त्याच वर्षी. अशा चित्रात नागपूरचा अंबाझरी तलाव ओळखू येतो, पण काठ पायऱ्या-पायऱ्यांचा. नाग नदी तर शहरात शिरल्यावर आजूबाजूच्या रंगातच मिसळते. चित्र ताणून मोठे केले, तर पायऱ्याच मोठ्या होतात.

या ठिपक्यांवरून तलावाचा काठ, रस्ता, गावाची शीव गिरवून घेतली की व्हेक्टर नकाशा तयार होतो. त्यात साठवलेले असतात ते कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, ओळीने. रेषा ओढायचे काम पाहणाऱ्याच्या मोबाइलचे. म्हणून पडदा लहान असो वा मोठा, रेषा नितळच उमटते.

नितळपणाचे कौतुक फार होते, पण मोठा फायदा वेगळाच आहे. यात प्रत्येक आकृती सुटी राहते आणि तिला माहिती चिकटवता येते. राज्य शासनाच्या ‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून एखाद्या शेतावर बोट ठेवले की गट क्रमांक आणि खातेदारांची नावे समोर येतात. नुसत्या ठिपक्यांना शेत कुठे संपते ते ठाऊक नसते. बंद बहुभुजाला असते. वेबवरच्या व्हेक्टर चित्रांसाठीच्या ‘एसव्हीजी’ या मानकाचे बळही यातच आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ते ४ सप्टेंबर २००१ रोजी मान्य केले. त्याची फाइल म्हणजे साधा मजकूर. चित्रातले एकच बटण हिरवे करता येते, हलवता येते, अंधांसाठी वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला त्याचे नावही सांगता येते.

शेताला सरळ रेषा पुरतात. चिन्हांना आणि अक्षरांना वळणे लागतात. त्यांचे गणित सिट्रोएन मोटार कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये बसवले. कंपनीने ते गुपित ठेवले आणि वक्राला नाव मिळाले ते रेनो कंपनीच्या पिएर बेझिए यांचे! नावाच्या बाबतीत आपलेही तसेच. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट वर्षानुवर्षे लाखो पडद्यांवर वाचला गेला, पण तो घडवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी किती जणांना आठवतात?

व्हेक्टर सर्वत्र चालत नाही. छायाचित्राला ठिपकेच बरे. एकाच पानावर हजारो बहुभुज ओतले, तर साधा मोबाइल अडखळतो. म्हणून मोठे नकाशे तुकड्यातुकड्यांनी पाठवतात.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. १:५००० प्रमाणाच्या कागदी नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर जागा व्यापते. ती संगणकावर गिरवली की पडद्यावर केसासारखी बारीक दिसते, पण मूळची अनिश्चितता तेवढीच राहते. पडदा मोठा करत गेल्याने मोजणी अचूक होत नाही. शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद असेल, तर मोबाइलवरची रेषा दाखवून भांडण्यापेक्षा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा.