रोपांच्या व्यापारास तारणारी काचेची पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये परदेशी झाडांस मोठी मागणी होती. परंतु ती आणणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरे. कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. मेलेल्या रोपांचा खर्च जगलेल्या रोपांवर पडे. साहजिकच ती केवळ श्रीमंतांस परवडत.

१८२९ साली लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांस बंद बाटलीतील ओलसर मातीत नेचा उगवलेला आढळला. मातीतून निघालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरत असे. त्यामुळे वरून पाणी घालावे लागत नसे. या तत्त्वावर केलेल्या दोन पेट्या १८३३ मध्ये सिडनीस पाठविल्या; रोपे सुखरूप पोहोचली. हॅकनी येथील लॉडिजेस रोपवाटिकेचा अनुभव असा की, पूर्वी वीसांपैकी एकोणीस रोपे मरत, ती आता जगू लागली.

नुकसान घटल्याने भांडवल गुंतविण्यास धीर आला. १८४० मध्ये व्हीच रोपवाटिकेने विल्यम लॉब यांस नवी झाडे शोधण्यासाठी दक्षिण अमेरिकेत धाडले. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द होऊन काचगृहे मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे १८५१ मध्ये भारतात आणली, तीही अशाच पेट्यांतून.

तात्पर्य, रोपाची खरी किंमत ते शेतात जगल्यावरच ठरते. वाहतुकीत मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू न देणे व ओल राखणे यांवर केलेला खर्च वाया जात नाही.