आंबा नाही, तरी आंबा

मामा दारू पीत नाहीत. देवगडजवळ त्यांची कलमं आहेत आणि पेटी उघडायच्या आधी नुसत्या वासावर आतला माल कुठवर आलाय ते सांगण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. गेल्या मे महिन्यात ते पुण्याला आले होते, तेव्हा मी त्यांना एका टॅपरूममध्ये घेऊन गेलो. त्यांना लिंबू सरबत, मला दोन छोटे पेले. दोन्हीत हेझी आयपीए, म्हणजे मुद्दाम गढूळ ठेवलेली, हॉप्सने भरलेली बिअर. फरक इतकाच, की एकीत आंब्याचा पल्प घातला होता आणि दुसरीत फळ नावालाही नव्हतं. पेले त्यांच्यापुढे सरकवले आणि म्हटलं, "मामा, प्यायचं नाही, नुसता वास घ्या. आंबा कशात आहे?"

त्यांनी डावा पेला नाकाशी नेला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"ह्यात आहे," डाव्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "पाडाचा आहे. देठाशी अजून हिरवा." मग उजव्याकडे पाहून, "आणि हा उतरलाय. हा मी पेटीत भरायचा नाही."

डाव्यात आंबा नव्हता.

मामा चुकले असं म्हणायला मात्र जीभ रेटेना. कारण रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते फारसे चुकलेच नव्हते. हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. त्या पुडीत दोन गोष्टी असतात: कडवटपणा देणारी राळ आणि सुवासिक तेलं. या तेलांत सहसा सगळ्यात जास्त असतं ते मिर्सीन. कैरी तोडताना देठातून जो चीक उडतो, त्याच्या उग्र हिरव्या वासात हेच मिर्सीन आणि त्याचं भावंड ओसिमीन असतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या गंधाचा अभ्यास झाला आहे, त्यातही ओसिमीन ठळकपणे पुढे आलं होतं. म्हणजे मामांच्या नाकाने पकडलेला "देठाशी हिरवा" हा वास खराच होता. फक्त तो झाडावरून न येता वेलीवरून आला होता.

याच तेलांत लिनॅलूल असतं, जे आपल्या घरी धण्याच्या डब्यात असतं. जिरॅनिऑल असतं, जे खानदेशात ज्याचं तेल काढत त्या रोशा गवतात भरपूर असतं. आणि अगदी चिमूटभर, बिअरच्या लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतकी, गंधकाची काही संयुगं असतात. त्यांतलं एक पिकलेल्या पेरूत आणि पॅशनफ्रूटमध्येही सापडतं. नाक त्याला इतकं हळवं असतं, की एवढ्यावर अख्खा पेला पेरूचा वाटतो. सिट्रा, मोझॅक, गॅलेक्सी ही हॉप्सच्या नव्या वाणांची नावं टॅपरूमच्या फळ्यावर खडूने लिहिलेली दिसतात, ती याच फळांच्या वासांसाठी. आपल्याकडे हापूस, पायरी, केसर म्हणतो, तसंच ते.

मग जुन्या आयपीएत हा आंबा का लागत नाही? उत्तर आमटीच्या पातेल्यात आहे. कोथिंबीर आमटीबरोबर तासभर उकळली तर तिचा वास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून ती गॅस बंद केल्यावर भुरभुरायची. हॉप्सचंही तसंच. उकळीच्या सुरुवातीला घातले तर त्यांच्या राळेचं कडू रूप होतं आणि सुवास उडून जातो. हेझी बनवणारे उकळताना हॉप्स जवळजवळ घालतच नाहीत. आच बंद झाल्यावर थोडे घालतात आणि बाकीचे, तेही ढिगाने, आंबवणाच्या टाकीत ओततात. तिथे यीस्ट अजून कामात असतं आणि ते या तेलांशीही खेळतं: गुलाबासारखा वास असलेल्या जिरॅनिऑलपासून लिंबाकडे झुकणारं सिट्रोनेलॉल तयार करतं. थोडक्यात, पेल्यातला सुवास निम्मा वेलीचा आणि निम्मा यीस्टचा.

गढूळपणाही याच पद्धतीतून येतो. बार्लीबरोबर यात गहू आणि ओट्स सढळ हाताने घातलेले असतात. त्यांची प्रथिनं आणि हॉप्समधली तुरट द्रव्यं एकमेकांना धरून बसतात, खाली बसत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं यीस्ट तरंगतंय. ते थोडं असतंही, पण मुख्य कारण ही प्रथिनांची आणि तुरटपणाची सोयरीक. पाण्यातही फरक करतात. क्लोराइड जास्त ठेवलं की घोट मऊ, भरीव लागतो. सल्फेट वाढवलं की कडूपणाला धार येते.

ती धारदार आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही हिची आजी. तिच्या नावातल्या 'इंडिया'बद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते: हिंदुस्थानातल्या गोऱ्यांपर्यंत बिअर टिकावी म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या माणसाने जास्त दारूची, जास्त हॉप्सची नवी बिअर शोधून काढली. गोष्ट गोड आहे, पण ती तशी घडली नाही. उष्ण मुलखात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवायचे हा रिवाज त्याच्या आधीपासून होता, आणि काळी पोर्टरही त्याच जहाजांतून नीट पोहोचत होती. साध्या शिपायांच्या पोटात जास्त तीच जायची. पूर्व लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीचं खरं भांडवल होतं ते म्हणजे शेजार. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत तो धक्का तिथून जवळ होता, आणि जहाजाच्या कप्तानांना हॉजसन वर्षभराहून लांब मुदतीची उधारी देत असे. चार-सहा महिने पिंपं आफ्रिकेला वळसा घालत डचमळली, त्यात बिअर मुरली आणि चांगली लागली, हा योगायोग. 1822 च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप या बिअरवाल्याला हॉजसनची बिअर चाखवली आणि म्हणाला, अशी करून दाखव. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, असं सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम होतं, म्हणजे सल्फेट. कडूपणाला धार आली ती तिथे. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापील सापडतात ते 1829 मध्ये सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. बिअर इंग्लंडची, नाव हिंदुस्थानचं, गिऱ्हाईक ऑस्ट्रेलियात.

महाराष्ट्राचा धागा हवा असेल तर तो नाशिकजवळच्या देवळालीत मिळतो. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इंग्रज शिपाई महिनोन्‌महिने पडून राहत, आणि कंटाळा, ऊन, ताप यांनी काहींची डोकी फिरत. त्यावरून त्यांच्या बोलीत डोकं फिरल्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. 2009 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने डूलॅली हेच नाव घेतलं. तोवर आपल्याकडे बिअर म्हणजे परमिट रूममधली थंडगार, 'स्ट्राँग' लिहिलेली बाटली. चव न कळण्याइतकी थंड करून पिणे हीच तिची चव.

हेझीचं माहेर मात्र अमेरिकेच्या ईशान्येला, व्हर्माँटमध्ये आहे. वॉटरबरी नावाच्या छोट्या गावात जॉन आणि जेन किमिच यांचा 'द अल्केमिस्ट' हा पब 2003 मध्ये निघाला. तिथली हेडी टॉपर ही बिअर गढूळ, मऊ आणि फळांच्या वासाने भरलेली होती. 2011 च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला. त्याच आठवड्यात त्यांच्या नव्या जागेतून हेडी टॉपरचे पहिले कॅन बाहेर पडले आणि लोक लांबून गाड्या काढून रांगा लावू लागले. कॅनवर सूचना होती: कॅनमधूनच प्या. माझा याला सौम्य विरोध आहे. वास हेच जिचं सर्वस्व, ती बोटभर भोकातून प्यायची? पण किमिच यांना पेल्यात ओतून तो वास उडू द्यायचा नव्हता आणि त्यांनी केलेली बिअर आहे, तेव्हा आपण गप्प बसावं. तोवरच्या स्पर्धांत असा गढूळपणा दिसला की परीक्षक गुण कापत. 2018 मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने 'ज्यूसी किंवा हेझी' हा वेगळा प्रकारच मान्य केला आणि दोष होता तो लक्षण झाला.

आता चाखण्याबद्दल. पहिली गोष्ट, घाई नको. पेला बर्फासारखा गार असेल तर दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा. आठ-दहा अंशांवर ती बोलू लागते. रंग आमरसात दूध घातल्यासारखा चालेल, पण करड्याकडे झुकत असेल तर सावध व्हा, त्याबद्दल पुढे. पेला दोन वळसे फिरवून वास घ्यायचा, लांब श्वासाने नाही, कुत्रा घेतो तसे तुटक तुटक. घोट तोंडात फिरवून गिळायचा, तोंड मिटायचं आणि श्वास नाकाने हळूच बाहेर सोडायचा. बहुतेक लोक हे शेवटचं करत नाहीत, आणि खरा ऐवज तिथेच असतो. जिभेला फक्त गोड, आंबट, कडू वगैरे कळतं. पेरू की पपनस हे घशाच्या मागच्या वाटेने नाकच ठरवतं. कडूपणा शेवटी यावा, मेथीच्या भाजीएवढा. घशाला खाजरं, मिरमिरतं काही लागलं तर हॉप्सची बारीक पूड अजून खाली बसलेली नाही, ती टाकी दोन आठवडे थांबायला हवी होती.

आणि पुस्तकातले शब्द शोधू नका. परदेशी वर्णनांत पीच आणि लीची असते. तुमच्या नाकाला रामफळ आठवलं, ओल्या नारळाची शेंडी आठवली, उन्हात ठेवलेला लिंबाचा खार आठवला, तर तेच लिहा. मामांनी "पाडाचा" म्हटलं. एवढं नेमकं वर्णन मी कुठल्या जाणकाराकडून ऐकलं नव्हतं.

राहिला उजवा पेला, ज्यात खरोखरचा आंबा होता. तिथली ब्रुअर तिशीतली मुलगी. मी तिला विचारलं तर ती हसली. "काका, तक्रार नवी नाही. आंब्यात आपण ज्याला आंबा म्हणतो तो अर्धा साखरेचा असतो. पल्प टाकीत गेला की यीस्ट साखर आधी खातं. गोडी गेली की जे उरतं ते पिकून गेल्यासारखं लागतं." म्हणजे आंबा आंबला. शब्दात आधीच सगळं होतं.

यावर उपाय म्हणून काही जण दुधातली साखर, लॅक्टोज घालतात. ती यीस्टला पचत नाही, त्यामुळे गोडी टिकते आणि बिअर मिल्कशेकच्या वाटेने जाते. मला ती एका घोटापुढे जात नाही. काही जण आंबवण संपल्यावर पल्प घालून तसाच कॅन भरतात. मग कॅन थंड ठेवला नाही तर आतलं यीस्ट पुन्हा जागं होतं. अमेरिकेत असे कॅन फुगून फुटलेले आहेत. या मुलीचा मार्ग साधा होता: हापूसऐवजी तोतापुरी, कारण तिची आंबट बाजू आंबवणातून वाचते, आणि आंबा हॉप्सच्या मागे उभा राहील एवढाच.

फळांपैकी आयपीएशी ज्यांचं जमतं ती बहुतेक आंबट किंवा सालीत तेल असलेली. सॅन दिएगोच्या बॅलास्ट पॉइंटची ग्रेपफ्रूट घातलेली स्कल्पिन गाजली, कारण त्या फळाचा कडूपणा हॉप्सच्या कडूपणात मिसळून जातो. पॅशनफ्रूट चालतं. गुलाबी पेरू फार चांगला चालतो, हॉप्समध्ये तो आधीच अर्धा असतो. कोकमाचा मोह आपल्याला होणारच, पण कोकम आणि हॉप्स दोघेही तुरट, आणि दोन तुरट एका पेल्यात आले की तोंडाला मिठी बसते. कोकम गोझे या खारट-आंबट बिअरमध्ये घालावं, आयपीएला सोडून द्यावं.

करड्या रंगाबद्दल सांगायचं राहिलं. या बिअरचा शत्रू प्राणवायू. चिरलेलं सफरचंद काळं पडतं, तशी ही पडते. आंब्याचा वास जातो आणि ओल्या पुठ्ठ्याचा येतो. मी एकदा मोठ्या हौसेने परदेशी हेझीचा कॅन घेतला, महागाचा. दुकानात तो फ्रिजबाहेर किती महिने होता कोण जाणे. पेल्यात ओतला तर रंग वांग्याच्या भरताचा. तेव्हापासून कॅन उलटा करून आधी तारीख बघतो. मुरवायची बिअर वेगळी, ही भाजीसारखी ताजीच घ्यायची. म्हणूनच टॅपरूममध्ये, टाकीपासून वीस पावलांवर, गावातली साधी हेझीही दूरच्या नामांकित कॅनला हरवते.

निघताना त्या मुलीने मामांना हॉप्सच्या गोळ्या दाखवायला आणल्या. हिरव्या, दाबून केलेल्या, गुरांच्या गोळी पेंडीसारख्या. मामांनी दोन तळहातावर चुरडल्या, वास घेतला, डोळे मिटले. "चीक," ते म्हणाले. मग मी थांबवायच्या आत त्यांनी कणभर जिभेवर ठेवला. चेहरा असा झाला, की मुलगी धावत पाणी आणायला गेली.

उरलेल्या गोळ्या त्यांनी कागदी रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात टाकल्या. तिसऱ्या दिवशी देवगडहून फोन आला. मामी बोलत होती. सदरा दोनदा धुतला, म्हणाली, तरी खिशाला कैरीचा वास येतोय, आणि हे म्हणतात की आपल्या बागेतला नाही.