स्थिरक दांडा आणि त्याचे रबरी बुश

डिसेंबर 1983 मध्ये हरियाणातील गुडगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, येथील कारखान्यातून मारुती 800 ही मोटारगाडी प्रथम बाहेर पडली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत अशा 25 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील पुष्कळशा मोडीत गेल्या असल्या, तरी लहान गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली मारुती अजूनही नित्याच्या उपयोगात असलेली दिसते. खाजगी मोटारगाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावयाची, तर गाडी तपासणीस उभी करावी लागते. अशा वेळी मालकाचे लक्ष इंजिनाकडे, रंगाकडे आणि दिव्यांकडे जाते. पुढच्या बाजूने येणारा एक बारीकसा ‘खट् खट्’ आवाज मात्र ‘जुनी गाडी म्हटली की आवाज करायचीच’ असे म्हणून सोडून दिला जातो.

हा आवाज अनेकदा ज्यातून निघतो, तो भाग हाताच्या मुठीत सहज मावेल एवढा असतो. स्थिरक दांड्याला, म्हणजेच ज्याला गॅरेजात ‘स्टॅबिलायझर बार’ म्हणतात त्याला, धरून ठेवणारे ते रबरी बुश होत.

गाडी वळणावर आली की तिचा सांगाडा वळणाच्या बाहेरच्या अंगास कलतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून काही उंचीवर असतो आणि गाडीला वळविणारी प्रेरणा मात्र टायर आणि रस्ता यांच्या स्पर्शाच्या जागी, म्हणजे खाली, कार्य करते. साहजिकच बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात व आतल्या सैल होतात. केवळ अधिक ताठ स्प्रिंगा बसवून हा झोल कमी करता येईल, परंतु मग प्रत्येक खड्डा प्रवाशांच्या पाठीच्या कण्याला कळेल. यावर शोधलेला उपाय साधा पण मोठा चतुर आहे. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा एक पोलादी दांडा गाडीच्या रुंदीभर आडवा बसवायचा, त्याचा मधला भाग सांगाड्याला फिरता राहील असा अडकवायचा आणि दोन्ही वळलेली टोके डाव्या व उजव्या चाकांच्या आर्मना जोडायची. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर उचलली गेली, तर दांडा आपल्या जागी नुसता फिरतो आणि विरोध करीत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, तर मात्र दांड्याला पीळ बसतो. तो पीळ सोडविण्याच्या प्रयत्नात दांडा दोन्ही चाकांना पुन्हा समपातळीत आणू पाहतो. अशा दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तरी ताठपणा जवळजवळ दीडपट होतो, म्हणून बाजारात मिळणारा ‘थोडा जाड’ दांडा हा दिसतो तेवढा निरुपद्रवी बदल नव्हे.

या कल्पनेचे पेटंट कॅनडातील फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन याला एप्रिल 1919 मध्ये मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने मोटारीच्या पुढच्या चाकांसाठी नवी रचना केली. तीत स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकच उभा खांब असून खाली चाकाला धरणारा एकच आडवा आर्म असे. एकट्या आर्मला चाकाचे पुढे-मागे सरकणे रोखता येत नाही. मग ते काम त्याने स्थिरक दांड्याच्याच टोकांकडे सोपविले. एका भागाकडून दोन कामे झाली, वजन वाचले, खर्चही वाचला. 1950 पासून इंग्लंडमधील फोर्ड गाड्यांत ही पद्धत आली आणि स्वस्त, लहान गाड्या बनविणाऱ्यांना ती इतकी सोयीची वाटली की पुढे अनेक देशांत ती पसरली.

मारुती 800 ची पुढची बाजू याच घराण्यातील आहे, आणि बुशांचे महत्त्व येथेच ध्यानात येते. ज्या गाड्यांत दांडा केवळ झोल आवरण्याचे काम करतो, तेथे बुश झिजले तर आवाज होतो, वळणावर गाडी जरा अधिक कलते, एवढेच. मारुतीमध्ये दांड्याचे टोक खालच्या आर्मच्या भोकातून आरपार जाते. आर्मच्या पुढे एक आणि मागे एक असे रबर आणि त्यांवर पोलादी वायसर बसवून शेवटी खाचांचा नट आवळलेला असतो. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि त्या धक्क्याला आडकाठी करणारे असे तेथे हे टोक व ही रबरेच काय ती असतात. रबर झिजून पोकळी झाली की ब्रेकसरशी चाक तेवढे मागे सरते. चाकाच्या फिरण्याच्या अक्षाचा उभा कल त्यामुळे बदलतो. वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होण्याची गाडीची प्रवृत्ती या कलावरच अवलंबून असते. दोन्ही बाजूंची झीज सारखी नसेल, तर गाडी ब्रेक लावताच एका अंगास ओढ घेते. पावसाळ्यात, समोरून मालमोटार येत असताना असे घडले, तर काय होईल हे सांगावयास नको. चालक दोष ब्रेकला देतो, मिस्त्री ब्रेकचे लायनर बदलतो, आणि ओढ कायम राहते.

मुळात येथे रबर कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. लोखंडावर लोखंड बसविले असते तर रस्त्याची प्रत्येक थरथर सांगाड्यात शिरली असती, शिवाय त्या सांध्याला नित्य वंगण लागले असते. गंधक मिसळून तापविलेले, म्हणजे व्हल्कनीकरण केलेले, रबर पिळले जाते, दबते आणि पुन्हा मूळ आकारास येते, तेही वंगणावाचून. परंतु रबराचे तीन शत्रू आहेत. हवेतील ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो, उष्णता त्याला हळूहळू कठीण व ठिसूळ करते आणि खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करते. जुन्या इंजिनातून गळणारे तेल नेमके खालच्या भागांवर ठिबकते. त्यात रस्त्याची बारीक वाळू बुश आणि दांडा यांच्या मध्ये शिरली, की ती कानशीप्रमाणे दोघांनाही घासू लागते.

दोष ओळखण्याची एक रीत दांड्याच्या स्वभावातूनच निघते. गतिरोधकावरून गाडी सरळ, दोन्ही चाके एकदम चढतील अशी, सावकाश नेली असता आवाज फारसा येत नाही, पण एकच चाक खड्ड्यात उतरले की खट्खट् होते, असे आढळल्यास संशय प्रथम दांड्यावर घ्यावा. हा पुरावा निर्णायक नव्हे. बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक आणि खांबाचा वरचा माउंट यांतूनही असेच आवाज निघतात. म्हणून गाडी उचलल्यावर दांडा हाताने हलवून पाहावा, बुशापाशी लहान पहारीने बेताने रेटावे आणि रबराला पडलेल्या भेगा, बाहेर आलेला लगदा, वायसरभोवतीची चकचकीत घासलेली जागा पाहावी. पुष्कळदा डोळ्यांना दिसते ते कानांपेक्षा खात्रीचे असते.

काम अवघड नाही, परंतु ते गाडीखाली शिरून करावयाचे आहे. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो आणि केवळ त्याच्या आधारावर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना. सपाट, टणक जागा निवडून हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, चाकांचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि मग पुढची बाजू उचलून ती पक्क्या लोखंडी स्टँडवर टेकवावी. विटांची चळत भाराखाली फुटू शकते, म्हणून ती स्टँडच्या जागी चालत नाही. दोन्ही बाजू समान उंचीवर उचलणे आवश्यक आहे. एकच बाजू उचलल्यास दांडा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि नट सुटताच टोक उसळी घेते.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडविणारे तेल सोडून ठेवल्यास सकाळी निम्मे श्रम वाचतात. टोकाच्या नटातील स्प्लिट पिन सरळ करून काढावी, नट व वायसर काढून ते ज्या क्रमाने व ज्या तोंडाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. वायसरची खोलगट बाजू कोणीकडे होती हा प्रश्न दुपारी हमखास पडतो! मग सांगाड्याला धरणाऱ्या दोन्ही पट्ट्यांचे बोल्ट काढले की दांडा मोकळा होतो. मधल्या बुशांना एक चीर असते, तिची दिशा जुन्याप्रमाणेच राखावी. नवे रबर चढविण्यापूर्वी दांड्याची बुशाखालील जागा तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावी व बोटाने चाचपून पाहावी. तेथे खळगा पडला असेल, तर नवे बुशही लवकरच सैल होतील आणि दांडाच बदलणे श्रेयस्कर ठरेल. बुश सरकत नसल्यास साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरावे. साधे ग्रीस लावण्याचा मोह टाळावा, त्याचे कारण वर आलेच आहे.

नट प्रथम हातानेच बसवावेत. चाके चढवून गाडी जमिनीवर उतरली व तिचा भार स्प्रिंगांवर आला, म्हणजे मग अखेरचे आवळणे करावे, कारण अधांतरी अवस्थेत आवळलेले रबर गाडी उतरताच कायमचे पिळलेले राहते. किती आवळावे याचा आकडा त्या गाडीच्या सेवापुस्तिकेत दिलेला असतो. खाचांचा नट पिनेच्या भोकाशी जुळत नसेल, तर तो पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, मागे सैल करू नये. पिन मात्र नवीच घालावी.

रबराच्या निवडीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जुन्या टायरचा तुकडा कापून बुश म्हणून बसविण्याची युक्ती काही मिस्त्री करतात आणि आवाज खरोखरच थांबतो. परंतु टायरच्या रबरात कापडाचे किंवा तारेचे थर असतात, ते बुशाप्रमाणे दबत नाही. आर्मला वर-खाली होताना जी मोकळीक हवी ती न मिळाल्याने सारा ताण दांड्याच्या आटे पाडलेल्या टोकावर जातो, आणि ते टोक तुटले तर चाकाला पुढे-मागे धरणारे काहीच उरत नाही. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश अधिक टिकतात व तेलाला दाद देत नाहीत. पण ते कडक असतात, अधूनमधून त्यांना ग्रीस लागते आणि नसल्यास ते करकरतात. रोजच्या वापरातील जुन्या गाडीला मूळ प्रकारचे, विश्वासाच्या दुकानातून घेतलेले रबरच बरे. एका बाजूचे खराब दिसले तरी दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावेत.

काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे, कारण नव्या रबराने चाक आपल्या मूळ जागी पुढे आलेले असते. पहिली चाचणी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात घ्यावी. सुकाणू हलके धरून ब्रेक दाबावा व गाडी सरळ थांबते की नाही ते पाहावे. चारपाचशे किलोमीटरांनंतर मधल्या पट्ट्यांच्या बोल्टांना पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.