साधने थोडी, जोर पुरता

व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक तर तालमीतील लाल माती येते, नाही तर आरसे लावलेली, लोखंडी यंत्रांनी भरलेली जिम येते. तालमी आता जागोजागी उरलेल्या नाहीत आणि जिमची फी प्रत्येकाला परवडतेच असे नाही. मग ‘जागा नाही, साधने नाहीत, वेळ नाही’ ही तीन कारणे सांगून आपण हा विषय मिटवून टाकतो. आम्ही बँकेत खुर्चीवर बसून काम करणारे. व्यायामशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु जे वाचनात आले आणि घरातल्या घरात करून पाहता आले, त्यावरून ही तिन्ही कारणे टिकणारी नाहीत अशी आमची खात्री झाली आहे. दहा बाय बाराच्या खोलीतही अंगात बळ आणता येते. ते कसे, हे सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

तीव्रता म्हणजे काय?

१९७० च्या सुमारास अमेरिकेत आर्थर जोन्स या गृहस्थाने ‘नॉटिलस’ नावाची व्यायामयंत्रे बाजारात आणली. यंत्रांपेक्षाही त्याचा विचार महत्त्वाचा ठरला. शरीरसौष्ठवाची हौस असणारे तरुण त्या काळी तासन् तास व्यायाम करीत. जोन्सचे म्हणणे असे की, मोजकेच प्रकार करा, पण प्रत्येक प्रकार पुढची एकही उठाठेव होणार नाही इथपर्यंत न्या आणि मग शरीराला पुरती विश्रांती द्या. यालाच उच्च तीव्रतेचा शक्तिव्यायाम म्हणतात. येथे तीव्रता म्हणजे घाई नव्हे आणि केवळ जड वजनही नव्हे. आपल्या आजच्या ताकदीच्या सीमेच्या किती जवळ गेलो, त्यावर तीव्रता ठरते. पुढील अभ्यासांतून दोन-तीन फेऱ्यांनी स्नायू अधिक वाढतात असे दिसले. तथापि एका नेटाच्या फेरीनेही नवख्या माणसाला चांगला लाभ होतो.

यामागचे शरीरशास्त्र समजण्यास कठीण नाही. स्नायूंतील तंतू लहानमोठ्या गटांनी मज्जातंतूंना जोडलेले असतात. काम हलके असेल तर मेंदू लहान गटांनाच कामाला लावतो आणि मोठे गट राखून ठेवतो. काम जड झाले किंवा लहान गट थकले, की मोठ्यांना बोलावणे जाते. एल्वुड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ ते १९६५ या काळात हा क्रम दाखवून दिला. याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की, वजन हलके असले तरी थकव्यापर्यंत नेले तर मोठे गटही कामाला लागतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये ४९ तरुणांवरील १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने जड वजन ८ ते १२ वेळा उचलले, दुसऱ्याने हलके वजन २० ते २५ वेळा. दोघांनीही ताकद संपेपर्यंत. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखीच आढळली. ज्याच्या घरी लोखंडी वजने नाहीत, त्याच्यासाठी ही मोठीच आनंदाची गोष्ट आहे.

जोर-बैठका आणि घरकाम

आपल्याकडील जोर-बैठका हा बिनखर्चाचा शक्तिव्यायामच होय. मात्र आपण आकड्याच्या मागे लागतो. शंभर बैठका सहज होऊ लागल्या की दीडशे, मग दोनशे. यातून दम वाढतो, चिवटपणा वाढतो. परंतु ताकदीची वाढ एका ठिकाणी थांबते. आकडा वाढविण्याऐवजी बैठक अवघड केली पाहिजे.

‘घरकामात व्यायाम होतोच की,’ असे आमच्या भगिनी नेहमी म्हणतात. घरकामात कष्ट होतात हे निर्विवाद. पण रोज तोच हंडा, तेवढ्याच पायऱ्या आणि तेच वाकणे. शरीर तेवढ्या ओझ्याला सरावते आणि तेथेच थांबते. बळ वाढायचे तर ओझेही थोडे थोडे वाढावे लागते आणि मधून विश्रांती मिळावी लागते. घरकामात या दोन्ही गोष्टी नसतात.

घरातील साहित्य व सहा प्रकार

एक भक्कम खुर्ची, दोन खांद्यांवर अडकविण्याचे दप्तर, पुस्तके आणि झाकणाचा पाण्याचा कॅन एवढे साहित्य पुरते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा आपला तराजू. कॅनमध्ये पाच लिटर पाणी भरा, पुढच्या पंधरवड्यात सहा.

१. बैठक : सुरुवातीला खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे. मग पूर्ण बैठक. मग पाठीवर भरलेले दप्तर घेऊन.

२. जोर : प्रथम भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग जमिनीवर. तेही सोपे झाले की पाय स्टुलावर ठेवून.

३. ओढणे : एक हात खुर्चीवर टेकून पुढे वाकावे, पाठ सरळ ठेवावी आणि दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढावा. जोराने छाती होते, पण पाठ राहून जाते. म्हणून हा प्रकार टाळू नये.

४. डोक्यावर उचलणे : दप्तर दोन्ही हातांत धरून खांद्यापासून सरळ वर.

५. कंबर उचलणे : पाठीवर झोपून, गुडघे मुडपून कंबर वर उचलावी. जमू लागल्यावर एका पायावर.

६. टाचा उंचावणे : पायरीच्या कडेवर चवडे टेकून, भिंतीचा आधार घेऊन.

प्रत्येक वेळी वर जाताना दोन अंक आणि खाली येताना तीन-चार अंक मोजावेत. झटके देऊ नयेत. श्वास कोंडू नये, जोर लावताना सोडावा. श्वास कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो. आणखी एखाद-दुसरीच नीट होईल असे वाटले की थांबावे. वीस-पंचवीसच्या पुढे सहज जाता आले तर वजन वाढवावे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, एकाआड एक, सुमारे अर्धा तास पुरे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना चालण्याफिरण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. एक वही करून तारीख, प्रकार, वजन आणि आकडा लिहून ठेवावा. पासबुकाप्रमाणे नोंद असली की शिल्लक वाढते की नाही ते कळते.

आहारात डाळ, हरभरे, शेंगदाणे, अंडी, सुकट यांपैकी जे परवडेल ते रोज असावे. महागड्या डब्यांची गरज नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एक इशारा द्यावासा वाटतो. सवय नसताना ईर्ष्येने एकाच दिवशी पाचशे बैठका काढणे धोक्याचे आहे. स्नायू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी लघवी काळपट-तपकिरी होते. तसे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

वृद्धांना याची गरज अधिक

हा तरुणांचा विषय, असे समजून वडीलधाऱ्या मंडळींनी हे पान उलटू नये. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट वाढते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी आमच्या काउंटरवर निवृत्त मंडळी येतात. बाकावरून उठताना कुणी गुडघ्यावर हात रेटतात, कुणी शेजाऱ्याचा खांदा धरतात. ‘वयच झालं आता,’ असे म्हणून हसतात. पण हे सारे वयाचेच देणे असते काय?

१९९० मध्ये बोस्टन येथील डॉ. मारिया फियातारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा अशक्त व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. वये ८६ ते ९६. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायांना जड वजनाचा व्यायाम देण्यात आला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबविल्यावर मात्र चारच आठवड्यांत कमाविलेल्या बळाला मोठी ओहोटी लागली. म्हणजे नव्वदीतही बळ येते आणि न राखल्यास जाते.

आजोबांना स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत जाता येणे, आजीला आधाराशिवाय अंथरुणातून उठता येणे, यात माणसाचा मोठा आत्मसन्मान असतो. तो टिकविण्यासाठी पैसा लागत नाही. एक खुर्ची आणि आठवड्यातून दोनदा समोर उभे राहून आकडे मोजणारे घरचे माणूस लागते. विद्यार्थी मित्रांनी आपली फेरी झाल्यावर तीच खुर्ची घरातील थोरांपुढे ठेवावी आणि पहिल्या दिवशी पाचच वेळा उठवावे, एवढीच विनंती.